आदोळीला कळलेली धडधड

मित्रांनो, मी सर्वण गावातली एक जुनी आदोळी आहे. घाटावरची माणसं मला विळी म्हणतात. फणसाचा पाट, त्यात ठोकलेलं लोखंडी पातं आणि त्याच्या टोकाला नारळ खवायचे दाते, एवढंच माझं शरीर. डिचोलीच्या एका लोहाराने मला घडवलं तेव्हा गोवा मुक्त होऊन दहाएक वर्षं झाली होती.

रुक्मिणीबाईंनी मला पारखून घरी आणलं. माझा तोरा काय वर्णावा! चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली की खतखत्याच्या भाज्या मीच चिरायच्या आणि नेवऱ्यांसाठी, म्हणजे करंज्यांसाठी, नारळांचा ढीग मीच खवायचा. शेजारणी मला उसनी मागायला येत आणि रुक्मिणीबाई सरळ नाही म्हणत. मी मनातून फुगून जाई.

पुढे त्यांचा मुलगा गोकुळदास लोखंडाच्या खाणीवर ट्रक चालवू लागला. त्याचं लग्न झालं आणि चंद्रावती घरात आली. तिचा हात फार हलका. बसणाऱ्याचं सगळं पाटाला कळतं, मित्रांनो. ती गुणगुणायची, तेही माझ्या पात्यापर्यंत पोहोचायचं.

तिची मुलगी विनोदिनी आठ वर्षांची झाली, त्या साली मला पहिल्यांदा भीती वाटली. एक नारळ खवताना चंद्रावती तीनदा थांबली. विहिरीवरून एक कळशी आणली तरी तिला धाप लागायची. मग ती माझ्यावर बसायची आणि तिच्या छातीची धडधड पाटातून माझ्यात उतरायची. भिजत घातलेले तांदूळ ती मूठ मूठ कच्चेच चावायची. ट्रकांच्या लाल धुळीने सगळ्यांचीच तोंडं तांबूस दिसायची, म्हणून कोणाच्या काही लक्षात येत नसे. पण तोंड धुऊन ती समोर बसली की तिचे ओठ माझ्या खोबऱ्याच्या रंगाचे दिसत.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. आमच्याकडे महिन्याचे चार दिवस बाईने स्वयंपाकघरात यायचं नसतं. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की ती मोकळी. चंद्रावतीही पाचव्या दिवशी न्हाऊन माझ्यावर येऊन बसायची. पण तिचा रक्तस्राव थांबलेला नसायचा, आठ-आठ, दहा-दहा दिवस चालायचा. पाचव्या दिवसानंतर हे बोलायचं कोणाजवळ? ती अवघडून बसायची आणि खवत राहायची. मला दाते होते, पण बोलायला तोंड नव्हतं.

रुक्मिणीबाई वाईट नव्हत्या हो. सून सुकत चालली हे त्यांनाही दिसत होतं. त्यांनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. मग जुना उपाय केला. माझं पातं पाटातून उपसलं, चुलीत लाल केलं आणि ताकात बुडवलं. "पी गे, लोखणाचें ताक. रगत वाडतलें," त्या मायेने म्हणाल्या. असं महिनाभर चाललं. मी चर्र करून ताकात शिरताना जीव तोडून म्हणायची, जा, माझ्यातलं लोखंड हिला जा! पण घागरीला खाली भोक पडलेलं, वरून थेंबथेंब घालून ती कशी भरणार? उलट रोज तापून माझ्या पात्याचं पाणी उतरलं, धार गेली, आणि चंद्रावतीला माझ्यावर जास्तच जोर लावावा लागला. त्याची खंत मला आजही आहे.

चवथीला चार दिवस उरले होते. ती नारळ खवत होती. अचानक तिचा हात सैल पडला, वाटी घरंगळली आणि ती पुढे कलंडली. तिचं कपाळ माझ्या दात्यांपासून चार बोटांवर जमिनीला टेकलं. विनोदिनी "आई गे!" म्हणून ओरडली आणि धावत जाऊन वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, लस द्यायला आलेल्या देवकी नर्सला घेऊन आली.

देवकीबाईंनी तिला आडवं केलं, पाय उंच ठेवले. ती शुद्धीवर आल्यावर त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. मग कानाशी वाकून हळूच विचारलं, "पाळीचं रक्त किती दिवस जातं गे?" चंद्रावतीने रडत रडत खरं सांगितलं.

"रगत खूप कमी जालां. आत्ताच दोतोराकडे व्हरूंक जाय," देवकीबाई तिला न्यायची घाई करत म्हणाल्या.

"चवथ चार दिसांर पावली आणि ही खंय चलली?" रुक्मिणीबाई गांगरल्या.

"मावशे, चवथ दर वर्सा येता. सून गेली जाल्यार परत येवची ना."

 रुक्मिणीबाईंनी स्वतः उठून तिची लुगडी पिशवीत भरली.

ते दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. घरात चवथीचा गणपती आला, पण नारळ कोणी धड खवला नाही. गोकुळदास म्हापशाच्या इस्पितळातून यायचा, हताशपणे म्हणायचा, "रोज ट्रक भरून लोखण व्हरतां मी, आणि घरच्या माणसाच्या रगतांतूच तें ना!" तिला रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. स्रावाचं कारण शोधून त्यावर औषध दिलं. लोखंडाच्या गोळ्या पुढे कितीतरी महिने चालल्या. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. हळूहळू धडधड निवली. एके दिवशी ती माझ्यावर बसून पुन्हा गुणगुणली. मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

आता नवी विळी आली आहे. मी कोपऱ्यात असते, चवथीपुरती बाहेर येते. परवा पंधरा वर्षांची विनोदिनी माझ्यावर बसली आणि माझं काळीज चरकलं. तीच धाप, तीच धडधड! पण या वेळी मला एकटीला कुढत बसावं लागलं नाही. चंद्रावतीने नेवऱ्यांचं पीठ तसंच टाकलं, मुलीला दारातल्या उजेडात नेलं आणि पापणी ओढून पाहिली.

म्हाताऱ्या रुक्मिणीबाई कण्हत उठल्या आणि त्यांनी मला आपल्याकडे ओढलं. "नाल्ल हांव खवतां. तुमी पयलीं म्हापशाची बस धरा," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मला कोणी धार लावली नाही तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी चार पायऱ्या चढून धापा टाकत असेल, कोणाला घेरी येत असेल, कोणी कच्चे तांदूळ चावत असेल, तर "काम चुकवतेय" म्हणून हसू नका. तिच्याजवळ बसा, विचारा आणि डॉक्टरकडे घेऊन जा. त्या दिवशी चंद्रावती माझ्या दात्यांपासून चार बोटांवर वाचली, पण खरं तर त्यात मी काहीच केलं नव्हतं. धावली ती विनोदिनी.