सरांनी सांगितलं म्हणून

सारिका लोणावळा स्टेशनवर तिकीट तपासनीस होती आणि ही नोकरी तिला बास्केटबॉलने दिली होती. खेळाडूंच्या कोट्यातून ती विसाव्या वर्षी रेल्वेत लागली, पुढची अकरा वर्षं रेल्वेच्या संघातून खेळली आणि उजव्या गुडघ्याने दगा दिल्यावर काळा कोट घालून फलाटावर उभी राहिली. आता ती त्रेचाळीस वर्षांची होती. आठवड्यातून तीन संध्याकाळी ती तळेगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मुलींना खेळ शिकवायला जायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "तेवढाच हात चालू राहतो."

अकरा वर्षांत तिने देशभर सामने खेळले होते, पण तिकीट काढून तिचा सामना बघायला आलेला माणूस तिला एकही आठवत नव्हता. स्टेडियममध्ये पंच, दोन्ही संघ, स्कोअर लिहिणारे आणि सावलीला बसलेले दोन-चार शिपाई, एवढेच असायचे. याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. असंच असतं, असं ती धरून चालली होती.

म्हणून डिसेंबरात आकाश नावाचा माणूस तिला कॉलेजच्या मैदानावर भेटायला आला, तेव्हा तिचा आधी विश्वासच बसेना. तो पुण्याच्या एका कंपनीत होता. कंपनी बास्केटबॉलची व्यावसायिक लीग काढणार होती. संघ आठ, आणि तेही मोठ्या शहरांतले नाहीत, कॉलेजांच्या गावांतले. पगारी खेळाडू, तिकीट लावून सामने, वर्षाला घरच्या मैदानावर अठरा.

"तळेगाव यादीत आहे," आकाश म्हणाला. "इंजिनिअरिंग आहे, मेडिकल आहे, होस्टेलं भरलेली आहेत. या कॉलेजचा हॉल बाराशे खुर्च्यांचा आहे. फक्त माणसं येतील का, ते बघायचंय. तीन सामने घेऊ, तीन शनिवार, फुकट प्रवेश. तुम्ही इथल्याच आहात. लोक बघा, त्यांच्याशी बोला आणि मला सरळ लिहून द्या, चालेल की नाही."

"मीच का?"

"सगळे म्हणाले, त्या खोटं बोलत नाहीत. टीसी आहेत." तो हसला. "आणि संघ झालाच, तर सहायक प्रशिक्षक म्हणून पहिलं नाव तुमचं आहे."

सारिकाने वरिष्ठांची परवानगी काढली आणि त्याच संध्याकाळी ती कामशेतला गेली. ही बातमी आधी सांगायची तर अल्लाउद्दीन सरांनाच.

अल्लाउद्दीन सर एकाहत्तर वर्षांचे होते. कामशेतच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं पी.टी. शिकवली. सगळा मावळ कबड्डी आणि कुस्तीमागे धावत असताना हा माणूस बास्केटबॉल घेऊन बसला होता. शाळेमागचं चिखलाचं मैदान त्यांनी पालकांच्या श्रमदानातून सिमेंटचं करून घेतलं आणि लोखंडी खांब स्वतः उभे राहून वेल्ड करवून घेतले. सारिका सहावीत होती तेव्हा तिची उंची बघून त्यांनी तिच्या आईला घरी जाऊन गाठलं होतं. आई म्हणाली होती, "पोरीची जात, उड्या मारत कुटं फिरंल?" सर म्हणाले होते, "मावशी, उड्या मारल्या तर लय लांब जाईल." ते बोलणं खरं झालं होतं.

बातमी ऐकून सरांनी आतल्या खोलीकडे वळून बायकोला हाक मारली, "जैतुन, ऐकलंस का? मावळात बास्केटबॉलचा संघ येतोय. पगारी!"

"येतोय असं नाही सर," सारिका म्हणाली. "येऊ शकतो का, ते बघायचंय."

"म्हणजे आलाच की."

पहिला सामना जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी झाला आणि हॉल जवळजवळ भरला. एक हजार चाळीस माणसं. गाणी, आरोळ्या, मोबाईलचे दिवे. आकाश खूश झाला. सारिका मध्यंतरात खुर्च्यांमधून फिरली. कंपनीने एक फॉर्म दिला होता. त्यात नाव, गाव, खेळ आवडला का, पुन्हा याल का, तिकीट काढून याल का, असे प्रश्न होते. सगळ्यांनी सगळीकडे 'हो' लिहिलं होतं. पण मुलांशी बोलल्यावर तिला कळलं, की कॉलेजचं स्नेहसंमेलन चालू आहे आणि या सामन्याला हजेरी धरली जाणार आहे. दारात प्राध्यापक वही घेऊन उभेच होते. मध्यंतर संपल्यावर मागच्या चार रांगा उठून गेल्या, कारण सह्या झाल्या होत्या.

दुसऱ्या शनिवारी दोनशे बारा माणसं आली. संमेलन संपलं होतं, पुढे परीक्षा होती आणि त्याआधीची सुट्टी लागली होती. होस्टेलं बघता बघता रिकामी झाली. मुलं लातूरची, अकोल्याची, धुळ्याची. सुट्टी म्हटली की बॅग भरून ती गावाला जातात, आणि जी राहतात ती शनिवारी पुण्याला पळतात. सामना मात्र चांगला झाला, शेवटच्या अर्ध्या मिनिटात निकाल लागला. टाळ्यांचा आवाज हॉलमध्ये घुमला आणि तो घुमण्यामुळेच जागा किती रिकामी आहे ते कळलं.

सर तिसऱ्या रांगेत बसले होते. निघताना त्यांनी विचारलं, "पुढच्या शनिवारीही असंच झालं तर?"

"तर नाही म्हणतील."

"मग तसं व्हायला नको," सर म्हणाले आणि फाट्याकडे चालू लागले.

तिसऱ्या शनिवारी सारिका तीन वाजता हॉलवर पोचली तेव्हा दारात रांग होती. पिकअपमधून बायका उतरत होत्या. कामशेतचे दुकानदार होते, बेडश्याहून आलेली म्हातारी माणसं होती, पवनेच्या बाजूचे तरुण शेतकरी होते, सोमाटण्याहून पहिली पाळी संपवून तसेच आलेले कामगार होते. सातशेऐंशी माणसं झाली. त्यात होस्टेलची मुलं जेमतेम साठ.

कंपनीच्या फॉर्मवर तिचा भरवसा उरला नव्हता. मावळात 'याल का?' असं विचारलं की माणूस 'येऊ की' म्हणतो. ते उत्तर नसतं, तो शिष्टाचार असतो. म्हणून तिने या वेळी एक प्रश्न स्वतःचा घातला होता आणि कॉलेजच्या मुलींना तो दारातच विचारायला बसवलं होतं: कुणाच्या सांगण्यावरून आलात?

ती स्वतःही विचारत फिरली. बेडश्याच्या बयाबाई पदर सावरून पुढच्याच रांगेत बसल्या होत्या.

"मावशी, खेळ कळतोय का?"

"त्यात काय कळायचं? चेंडू वर टाकायचा, त्यो खाली पडतो. पडणारच की! त्याला टाळ्या कशापायी?" त्या हसल्या. "पर पोरं पळत्यात छान."

"मग कशा काय आलात?"

"सरांचा फोन आलता. माझ्या हनुमंताला त्यांनी धावी पास करवलं, मैदानावर धरून आणून अभ्यासाला बसवलं. सरांनी बोलावलं आन् आमी न्हाई आलो, आसं व्हतंय व्हय?"

मागच्या रांगेत, तिच्या मागच्या रांगेत, उत्तर हेच. सरांनी सांगितलं. सरांचा निरोप आला. आमच्या बापाचे सर आहेत. कुणी सरांकडून लंगडी शिकलं होतं, कुणी छडी खाल्ली होती, कुणाचा दाखला त्यांनी तालुक्याला जाऊन आणून दिला होता. एकतीस वर्षांच्या तुकड्या येऊन बसल्या होत्या. सर मधल्या पायऱ्यांवर उभे होते आणि 'डिफेन्स! डिफेन्स!' म्हणून ओरडत होते. त्यांचं ऐकून बेडश्याच्या बायकाही तसंच काहीतरी ओरडत होत्या. सारिकाने आयुष्यात असा सामना पाहिला नव्हता. एकदा तर तिला वाटलं, आपण आता खेळत असतो तर बरं झालं असतं.

सामना संपल्यावर सरांनी तिचे दोन्ही हात धरले. "सारिका, बघितलंस ना? मावळ आला!"

"बघितलं, सर."

"आता कोण नाही म्हणतो ते बघू."

तिने तेव्हाच बोलायला हवं होतं. सरांचा चेहरा बघून तिने ते पुढे ढकललं. तिने स्वतःला सांगितलं, आधी आकडे बघू, मग बोलू.

आकडे रविवारीच हाती आले. सातशेऐंशीतले पाचशे बारा सरांच्या सांगण्यावरून आले होते. ती दिवसभर त्या कागदांसमोर बसून राहिली. होकार लिहिणं कठीण नव्हतं. आकाशला फक्त एकूण संख्या हवी होती, आणि ती खरीच होती. होकार लिहिला तर तिला पुन्हा संघाच्या बाकावर जागा मिळणार होती. पगारी खेळाडू, भरलेला हॉल, हातात शिट्टी. तिने हे सगळं नीट डोळ्यांसमोर आणून पाहिलं आणि मग अहवाल लिहिला.

अहवाल दीड पानाचा होता. त्यात तिने लिहिलं, की विद्यार्थी हे या गावाचे पाहुणे आहेत आणि सुट्टीत गाव त्यांच्याशिवायच असतं. स्थानिक लोक येतात, पण ते बोलावल्यावर येतात. तिसऱ्या सामन्याला पाचशे बारा माणसं एका निवृत्त शिक्षकाच्या शब्दाखातर आली. ते शिक्षक एकाहत्तर वर्षांचे आहेत. वर्षाला अठरा सामने या शब्दावर चालणार नाहीत. चार किंवा पाच चालतील. मंगळवारी तिने तो पाठवला. सरांना ती काही बोलली नाही. त्या आठवड्यातही नाही आणि पुढच्याही नाही.

मार्चमध्ये कंपनीने तळेगावच्या जागी कृष्णाकाठचं एक कॉलेजचं गाव निवडलं. आकाश सभ्य माणूस होता. सरांनी एवढी धावपळ केली, त्यांना कारण कळावं, म्हणून त्याने अहवालाची प्रत त्यांनाच पाठवून दिली.

दोन दिवस सरांनी तिचा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून ती कामशेतला गेली. सर ओट्यावर बसले होते. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली नाही, म्हणून ती पायरीवर बसली. जैतुनबींनी चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या.

"पाचशे बारा," सर म्हणाले. "मी मोजले नव्हते."

"सर, मी खोटं काही लिहिलं नाही."

"खोटं कुठे म्हणतोय मी? म्हातारा मेल्यावर येणार नाहीत, एवढाच अर्थ ना? मग तसंच लिहायचं होतं."

"तुम्ही वर्षाला अठरा वेळा पाचशे फोन केले असते?"

"केले असते."

ते खरंच करतील, हे तिला माहीत होतं.

"लोक कशामुळे का येईनात," सर म्हणाले. "आले, बसले, ओरडले. तू पहिल्यांदा मैदानावर आलीस ती काय खेळ आवडला म्हणून? मी तुझ्या आईला सांगितलं म्हणून आलीस. आवड मागनं आली."

"व्हय," ती म्हणाली. सरांपुढे तिची भाषा अजून शाळेतलीच व्हायची. "पण मी एकटी होते, सर. माझ्यासोबत पंचवीस जणी आल्या होत्या. त्या कुटं हायत आज?"

सरांनी रस्त्याकडे तोंड वळवलं. तांदळाच्या गोण्या भरलेला एक ट्रक वळणावर अडकला होता आणि मागची वाहनं हॉर्न वाजवत होती.

"तुला कोच व्हायचं नव्हतं?"

"व्हायचं होतं."

"मग?"

तिने चहाची बशी थोडी बाजूला सरकवली.

"तू लिहिलंस त्याचा राग नाही," सर शेवटी म्हणाले. "त्या दिवशी मी तुझे हात धरून नाचत होतो आणि तू 'बघितलं' म्हणालीस. तुला तेव्हाच ठाऊक होतं. दोन महिने मी अख्ख्या बाजाराला सांगत फिरलो, की संघ येतोय. तू एकदा येऊन म्हणायचं होतंस, सर, गप्प बसा."

"मला भ्या वाटलं."

"माझं?"

"तुमचा चेहरा उतरंल याचं."

"तो उतरलाच की. वर बाजारात हसं झालं ते वेगळं."

तिने माफी मागितली. सरांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नुसतीच, हे तिला कळलं नाही. चहावर साय धरली होती, ती तशीच पिऊन ती उठली.

पुढचे काही महिने त्यांच्यात फारसं बोलणं झालं नाही. सणाला ती गेली तेव्हा सरांनी शिरखुर्मा दिला, गुडघ्याची चौकशी केली, बस एवढंच. लीग सुरू झाली. कृष्णाकाठचा संघ टीव्हीवर दिसू लागला. ते गाव तळेगावाहून मोठं नव्हतं आणि होस्टेलंही तशीच होती, पण खुर्च्या बऱ्यापैकी भरलेल्या असायच्या. सारिकाने ते पाहिलं आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की आपण चुकलो तर नसू?

नोव्हेंबरात सरांचाच फोन आला. "रविवारी दुपारी त्यांचा सामना आहे. जाऊन येऊ. तिकिटं मी काढलीत."

दोघं सकाळच्या एसटीने गेले. वाटेत सर झोपले, तिने खिडकी लावून घेतली. हॉल मोठा होता, आणि हजारभर तरी माणसं होती. त्यांच्या शेजारी एक कुटुंब डबा उघडून बसलं होतं. सारिकाने त्या बाईला विचारलं, तुम्ही नेहमी येता का? बाई म्हणाल्या, मुलाचे मास्तर तिकिटं देतात, नाही कसं म्हणणार?

सारिकाने सरांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. "बघ," ते म्हणाले, "इथंही कुणीतरी आहेच." त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. ते पुढे म्हणाले, "तरी तुझंही चुकलं नसेल. दुसऱ्या वर्षी किती उरतात, त्यावरून कळेल."

मग सामना सुरू झाला आणि बोलणं तिथंच राहिलं. दुसऱ्या सत्रात घरच्या संघाच्या प्रशिक्षकाने संघातल्या सगळ्यात उंच मुलाला बाहेर बसवलं. सर उठून उभे राहिले.

"ह्याला कशाला काढतोय? रिबाउंड कोण घेणार?"

"त्याचे तीन फाउल झालेत, सर, पाच झाले की बाहेरच. शेवटासाठी राखून ठेवतोय."

"राखून काय ठेवायचं, लोणचं आहे का?"

"मीही हेच केलं असतं."

"म्हणून तर म्हणतो, तुला अजून शिकायचंय," सर म्हणाले. पुढची रांग मागे वळून बघत होती, तरी त्या दोघांचं भांडण तिसरं सत्र सुरू होईपर्यंत चालूच राहिलं.