खराब सायलेन्सर पाहिजे

गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आधी पत्र्याच्या डब्यात कोणी खिळे हलवावेत तसा खडखडाट व्हायचा. मग चढावर एक लांब, दुखणाईत हुंदका. आणि दारात थांबताना एक 'ठो'. त्या 'ठो'ला कावळे उडायचे, समोरच्यांचं बाळ उठायचं आणि स्वयंपाकघरातून आई म्हणायची, "आली सवत."

सवत म्हणजे ती गाडी. वडील तिला बाईसाहेब म्हणत. ती बनवणारी कंपनी बुडाली होती, त्या कंपनीला विकत घेणारी कंपनीही बुडाली होती; बाईसाहेब मात्र कोणाच्याही सुतकात न बसता टिकून होत्या. सख्ख्या भावाच्या गृहप्रवेशाला न गेलेले वडील तिच्या दिव्याच्या काचेसाठी रात्रभर प्रवास करत आणि काच मांडीवर घेऊन परत येत. आई म्हणे, "माझ्या बाळंतपणात एवढे जागले नाहीत."

मग वडील गेले. गाडीत नाही, गाडीखालीही नाही. खुर्चीत, पेपर वाचता वाचता. इतक्या बिनखटपटीच्या मरणाची त्यांच्याकडून कोणी अपेक्षाच केली नव्हती.

आईची आठवण तेव्हा उसवायला लागलीच होती. संध्याकाळ झाली की ती विचारी, "हे आले नाहीत अजून?" मुलगा खरं काय ते सांगे. मग ती रडे, पहिल्यांदाच कळल्यासारखी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारी. तिला नवऱ्याचं मरण रोज ताजं मिळू लागलं. शेवटी मुलाने सांगणं बंद केलं. तेव्हा आईने जेवण बंद केलं. हे आल्याशिवाय कशी बसू, म्हणे.

मुलगा चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायचा. एक दिवस स्कूटर रुसली म्हणून तो बाईसाहेबांना घेऊन कामावर गेला. संध्याकाळी परतला, दारात 'ठो' झाला, आणि आत येऊन बघतो तर टेबलावर ताटं मांडलेली.

"आले बाई एकदाचे," आई म्हणाली. "आता बसतील सवतीचं अंग पुसत. चल, आपण बसून घेऊ."

आणि आई जेवली. वर भात मागून घेतला. जेवण होईस्तोवर कोणाची वाट बघत होतो हे ती विसरून गेली.

तेव्हापासून मुलगा गाडीनेच कामावर जाऊ लागला. पेट्रोल इतकं खायची की माणूस असती तर लोकांनी वैद्य गाठून दिला असता. पण आई जेवत होती. त्याने गाडीच्या टपावर थोपटून तिला जन्मात पहिल्यांदा 'बाईसाहेब' म्हटलं.

घोटाळा केला तो मिस्त्रींनी, आणि तोही प्रेमापोटी.

मिस्त्री म्हणजे वडिलांचे जुने दोस्त आणि बाईसाहेबांचे कायमचे डॉक्टर. ऑइल बदलायला गाडी त्यांच्याकडे सोडली होती. मुलगा न्यायला गेला तर मिस्त्री हात पुसत, पोरगं परीक्षेत पहिलं आल्यासारखं तोंड करून उभे.

"चालू कर," ते म्हणाले.

त्याने किल्ली फिरवली. काही झालं नाही.

"बॅटरी गेली का, काका?"

"चालू आहे," मिस्त्री म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

अस्सल सायलेन्सर मिळाला होता. त्याच मॉडेलचा, कोरा, तेलकट कागदात गुंडाळलेला, कुठल्याशा बंद पडलेल्या गोदामात कोणाची तरी वाट बघत पडलेला. "तुझे वडील उभा जन्म हाच शोधत होते रे. म्हणायचे, मिस्त्री, एकदा तरी बाईसाहेबांना खालच्या आवाजात बोलताना ऐकायचंय. त्यांच्या कानांनी नाही, तर निदान तुझ्या तरी ऐक."

"आणि जुना कुठंय?"

"तो? तो भंगारात दिला. आत्तापर्यंत वितळून त्याच्या बादल्याही झाल्या असतील."

मुलगा हसला, कारण समोरचा माणूस रडत होता आणि कोणीतरी हसायला हवं होतं.

त्या संध्याकाळी बाईसाहेब दारात मांजरीसारख्या आल्या. आई खिडकीशी उभी होती. "कोणाकडे तरी बडी मंडळी आलीत वाटतं," ती म्हणाली. "गाडी बघ कशी अल्लद थांबली. आपले हे कुठे अडकले?"

ती जेवली नाही. त्याने बाहेर जाऊन हॉर्न वाजवला. शेजारी डोकावले आणि म्हणाले, "ती जुनी गाडी विकलीत ते झ्याक केलंत हो." त्याने पायरीवर उभं राहून तोंडाने 'ठो' करून पाहिलं. आतून आईने विचारलं, "पडसं झालंय का रे?"

आई घोटभर दुधावर राहू लागली. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकायला लागलं. ताटं मांडायची, पुसायची, पुन्हा कपाटात ठेवायची.

मुलगा जुन्या पार्टांच्या बाजारात गेला. तिथल्या भंगारवाल्याला आपल्या मालाचा मोठा अभिमान होता.

"सायलेन्सर पाहिजे. खराब."

"खराब माल आपण ठेवत नाही," भंगारवाला गंजलेल्या ढिगावर बसून म्हणाला.

"मला खराबच पाहिजे. फुटका, आतून सुटलेला."

"आत्ताच्याला काय झालंय?"

"काही नाही. तोच तर त्रास आहे."

भंगारवाल्याने त्याच्याकडे नीट बघितलं आणि जरा मागे सरकून बसला. मग पायाने एक नळकांडं पुढे ढकललं. दुधाच्या गाडीचं होतं, कुजलेलं. "हे घेऊन जा. आणि घरी कोणी मोठं असेल तर त्यांच्याशी बोला."

सायलेन्सर काखेत मारून तो मिस्त्रींकडे गेला. मिस्त्रींना वाटलं, थट्टा आहे. मग त्याने आईचं सांगितलं. रोजची ताटं, दूध, सगळं. मिस्त्री गाडीकडे वळले.

"म्हणजे वहिनींच्या तोंडचा घास मीच काढला."

"तुम्हाला काय माहीत, काका."

मिस्त्री उठले. कोरा सायलेन्सर त्यांनी आपल्या हाताने उतरवला, पुसला आणि पुन्हा त्याच तेलकट कागदात गुंडाळून फळीवर ठेवला. त्या वेळी ते मुलाकडे बघत नव्हते. "जन्मभर लोकांच्या गाड्या गप्प करत आलो. 'हिला बोलती कर' म्हणणारा तू पहिलाच."

मग दोघांनी मिळून ते दुधाचं नळकांडं आणखी बिघडवायला घेतलं. मिस्त्रींनी भोकं पाडली, आत सुटे नट टाकले, हातोडीने पोचे आणले. प्रत्येक वेळी गाडी चालू करायची आणि मुलाने डोळे मिटून ऐकायचं. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला विचारावं तसं मिस्त्री त्याला विचारत होते, "हा बरा, की मघाचा?"

"मघाचा. पण हुंदका नाही आला."

"आणि हा?"

"हा शिंकतोय, काका. ती रडायची."

खडखडाट जमला. 'ठो'ही जमला, एका गिऱ्हाइकाने तर जमिनीवर लोळण घेतली. हुंदका काही केल्या येईना. मिस्त्री हातोडी टाकून खाली बसले आणि अचानक म्हणाले, "तू गिअर बदलतोस ना चढावर?"

"बदलायलाच हवा."

"तिथंच गोची आहे. जुना सायलेन्सर कसंही चालवलं तरी रडायचा, हा गाडी दमल्याशिवाय रडणार नाही. तुझे वडील बदलायचेच नाहीत. म्हणायचे, चढेल की, तिला जमतं. गाडी फार वाईट चालवायचे रे ते." मिस्त्रींनी बाहीने नाक पुसलं. "तुझं चालवणं फारच चांगलं आहे. सोड ते."

संध्याकाळी मुलगा चढाच्या पायथ्याशी आला. हात सवयीने गिअरकडे गेला. त्याने तो मागे घेतला. गाडी थरथरली, अडली, आणि मग तिच्या पोटातून तो लांब, दुखणाईत हुंदका निघाला. शेजारच्या सीटकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही. दारात 'ठो' झाला, कावळे उडाले, बाळ रडायला लागलं.

तो पायऱ्या चढेपर्यंत आईने दार उघडलंसुद्धा. उपासाने तिचे डोळे मोठे झाले होते. त्याच्या चेहऱ्याकडे ती एकटक बघत राहिली.

"अहो, किती हा उशीर," ती म्हणाली.

आईने त्याला आयुष्यात कधी 'अहो' म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, "हो, झाला खरा." आवाज वडिलांसारखा जड निघाला.

"हात धुऊन घ्या. जेवायला मात्र थांबायचं हं. पोरगा यायचाय अजून. तो आल्याशिवाय कशी बसू मी?"

तो हात धुवायच्या निमित्ताने मागच्या दाराने बाहेर पडला, घराला वळसा घालून पुढे आला आणि बंद दारासमोर उभा राहिला. आपण घरी येतो तेव्हा कसला आवाज होतो? त्याने आठवून पाहिलं. चपला घासतो, खाकरतो, की पायऱ्या धडधडवतो? काहीच आठवेना. शेवटी त्याने पाहुण्यासारखी बेल वाजवली.

"आलास होय रे?" आई कुजबुजली. "हे आलेत. हात धुतायत. चल, बस."

टेबलावर तीन ताटं होती. आई बसली, आणि तिने पहिला घास घेतला. मुलगा तिच्या हाताकडे बघत होता. ताटातून तोंडाकडे आणि पुन्हा ताटाकडे. ती पाणी आणायला आत वळली की तो पटकन वडिलांच्या खुर्चीत बसे, त्यांच्या ताटातला भात चारदोन घासांत संपवी आणि ती यायच्या आत परत आपल्या जागी. आई येऊन वडिलांच्या ताटात आणखी वाढे. तो दोघांचं जेवला. पोटाला तडस लागली तरी जेवला.

मग आईने त्याच्या दंडाला हात लावला आणि वडिलांच्या खुर्चीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "ह्यांना सांगू नकोस. पण ह्यांचं आता वय झालं. चढावर तो आवाज आला की वाटतं, आज काही हे वर येत नाहीत. कधीचं वाटतंय, बोलले नाही कधी. उद्यापासून तू चालवत जा."

"बरं," मुलगा म्हणाला.

"नीट चालव. हळू ये."

"हो, आई."

"मग मला कळणार कसं तू आलास ते?"

आई उत्तरासाठी थांबली नाही. तिने ताटातला शेवटचा घास संपवला आणि आणखी भात आणायला आत गेली. मुलगा उठून वडिलांच्या खुर्चीत जाऊन बसला.