भीमाप्पांची वाळू

लाईट गेली आणि माझ्या कॉम्प्युटरवरची एकोणिसावी पिढी मेली. चाललेलं काम मधेच जतन करायची दोन ओळींची सोय मीच प्रोग्रॅममध्ये केली नव्हती, म्हणजे बोंब मारायलाही तोंड नाही. मी टेबलावर हात आपटला.

२००५ चा मे महिना. एम.ई.च्या प्रबंधावर महिनाअखेर गाईड सरांची सही झाली नाही, तर जूनपासून कॉलेजातली माझी तासिकेवरची नोकरी जाणार होती. विषय साधा. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत साच्याच्या वाळूत पाणी आणि माती किती घालावी, म्हणजे कास्टिंगला भोकं पडणार नाहीत? बारा वर्षांची रजिस्टरं उतरून मी कॉम्प्युटरला ते शिकवलं होतं. आता सगळ्यात चांगलं प्रमाण शोधायचं होतं.

माझी पद्धत उताराची. आजच्या प्रमाणापासून निघायचं आणि जिकडे रिजेक्शन, म्हणजे भोकं पडून बाद होणारा माल, कमी होतं तिकडे एकेक पाऊल टाकायचं. दोन मिनिटांत उत्तर! पण ते अकरा टक्क्यांवरून नवावर येऊन बसलं, ते हलेना. सर म्हणायचे, तू खड्ड्यात उतरलायस, पलीकडे खोल दरी असेल. पन्नास प्रमाणं एकदम सोड, त्यातल्या चांगल्यांचं एकमेकांवर कलम कर, वाईट टाकून दे, पिढ्या चालू देत. मी म्हणायचो, हे आंधळ्याचं चाचपडणं झालं. चार महिने मी आपलंच घोडं पुढं दामटलं. शेवटी सरांनी प्रबंध अंगावर फेकला, तेव्हा झक मारत पिढ्या सुरू केल्या. एकेका खेपेला दोन-दोन दिवस लागायचे, त्यात ही लाईट.

पाचव्या खेपेला काम तडीला गेलं. सहा टक्के. प्रमाण मात्र भलतंच, माती आजच्या निम्मी आणि पाणी निम्म्याहूनही कमी. तो कागद घेऊन मी तडक फाउंड्रीत भीमाप्पांकडे गेलो. निपाणीकडचा हा माणूस सव्वीस वर्षं वाळू मळत होता. मुठीत दाबून, मोडून ओलावा सांगायचा.

आकडे ऐकून ते म्हणाले, "ह्यो आमचा जुना मसाला हाय की, मास्तर. नवा मॅनेजर यायच्या आधी ह्योच चालायचा. जरा जरा कमी क्येलं तर साचा ढासळतोय. एकदमच खाली यावं लागतंय."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलंतं की, पैल्याच दिवशी. तुमी रजिस्टर उतरून घेत हुता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रबंधात मी एक ओळ घातली, की हे प्रमाण भीमाप्पांना आधीपासून ठाऊक होतं. सरांनी तिच्यावर लाल रेघ ओढली. मजुराला ठाऊक होतं तर तुझ्या पिढ्या कशाला, असं परीक्षक विचारतील म्हणाले. ओळ काढ आणि सही घे.

मी ओळ काढली. सही झाली, नोकरीही राहिली.

बांधलेली प्रत दाखवायला मी फाउंड्रीत गेलो. भीमाप्पांनी हात पुसून ती घेतली, पानं उलटली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

"ह्यात आमचं काय हाय?"

मी तक्त्यातल्या दोन आकड्यांवर बोट ठेवलं.

"आनि नाव?"

"नाही."

"बरं," म्हणत त्यांनी प्रत परत दिली, आणि वाळूत पाणी मारायला वळले. माप अजून मॅनेजरचंच होतं.