शेंबड्या ताटल्या

कुंडीतलं घेवड्याचं रोप उपटलं, मुळं बादलीत खळबळवली. मुळं नुकतीच दाढी केलेल्या हनुवटीसारखी साफ. एक गाठ नाही. दुसरी कुंडी, तिसरी, बारावी. सगळीकडे तीच तऱ्हा.

आमच्या कारखान्यात काळ्या भुकटीचे पुडे भरतात. भुकटीत जिवाणू असतात. पेरताना बियांना चोळले की ते मुळांत शिरून गाठी करतात आणि झाडाला हवेतलं खत मिळवून देतात. गाठ नाही म्हणजे आम्ही नुसती कोळशाची पूड विकत होतो. आणि पस्तीस दिवसांनी तपासनीस याच अंगणातली रोपं उपटून बघणार होते. मुळं अशीच निघाली तर परवाना गेला आणि कारखान्याला कुलूप.

"मेले असतील तुझे जिवाणू," मी सुनेला म्हणाले. तिचे सासरे, म्हणजे आमचे हे, गेल्यापासून काचेची खोली तिच्याकडे. जिवाणू वाढवायचे तिनं, पुडे बघायचे मी.

"नाही हो आई. जिवंत आहेत. परवाच मोजले, लागतात त्याहून जास्त भरले."

"मग संपावर गेलेत का?"

मुलगा मध्ये पडला. "आई, ती सकाळपासून जेवलेली नाही."

"मग वाढ की तिला. बायको तुझी आहे."

डोकं तापलं की मी भांडी घासते. त्या दिवशी जिवाणू वाढवायच्या काचेच्या ताटल्या घासायला बसले. एका पाण्यात लखलखीत! माझे हात थांबले. हे होते तेव्हा याच ताटल्यांवरचा चिकटा काढताना माझी नखं झिजायची.

"सूनबाई, इकडे ये. तुझ्या ताटल्या इतक्या सहज कशा निघतात गं?"

तिनं ताटली हातात घेतली आणि तिचा चेहराच उतरला.

"आई, ताटलीवर जिवाणूंचे ठिपके उगवतात ना, त्यातले काही चिकट, ओघळणारे असतात, काही कोरडे, नीटस. मी पुढच्या ताटलीसाठी दर वेळी नीटसच उचलत गेले."

"आणि चिकट?"

"टाकले. तो चिकटा म्हणजे साखर असते. जिवाणूच्या अंगावरची. मुळाला त्या साखरेवरून कळतं, हा आपला. ती नसली तर मूळ त्याला आत घेत नाही. आता आपल्याकडे साखर न करणारेच उरलेत."

"एवढं ठाऊक होतं, तर कोरडे उचलायची अक्कल कुणी दिली तुला?"

मुलगा म्हणाला, "तू."

"मी?"

"ती नवी होती तेव्हा. ही ताटली आहे की शेंबडं पोर, म्हणालीस. माझ्या घरात असली घाण चालायची नाही, म्हणालीस. पाहुण्यांसमोर."

म्हणाले होते. पाहुणे हसलेही होते. नवऱ्याच्या हातचा तोच चिकटा मी वर्षानुवर्षं मुकाट्यानं घासला, आणि सुनेच्या हातचा दिसल्याबरोबर माझी जीभ सुटली.

"रडायचं असेल तर नंतर रड," मी म्हणाले. "चिकट कुठे मिळतील ते सांग."

"जुन्या पुड्यावर वाढलेला वेल असेल तर त्याच्या गाठींत."

असा वेल एकाच ठिकाणी होता. मागच्या घरातल्या शिंपीणबाईंच्या परसात; त्या वाफ्यात यांच्या वेळचा पुडा पडला होता. आमचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. मी पदर खोचला आणि त्यांचं दार वाजवलं.

"वेल हवाय. मुळासकट."

"मुळासकट? आत्ता कुठे शेंगा धरल्यात!"

"म्हणूनच मागतेय. धरल्या नसत्या तर तुमच्या दारात आले असते का?"

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं, आणि फावडं आणून दिलं. खणायला मात्र आल्या नाहीत.

सुनेनं गाठी स्पिरिटमध्ये बुडवल्या, धुतल्या, चिरडल्या, ताटल्यांवर ओढल्या. चौथ्या दिवशी तिनं ठिपक्याला तार लावून उचलली, तर मधासारखा धागा लांबला.

"त्यातला सगळ्यात ओंगळ घे," मी म्हणाले. ती पहिल्यांदा हसली.

त्या चिकट जिवाणूंत चोळून नवं बी पेरलं. दुकानांत गेलेले पुडे मी परत मागवले. मुलगा म्हणाला, बोभाटा होईल. होऊ दे म्हटलं. मग रोज कुंड्यांना पाणी. मध्येच रोप उपटून बघायचा मोह व्हायचा. सुनेनं मला दोनदा हटकलं आणि दोनदा मी ऐकलं.

तपासनीस आले. त्यांनी रोप उपटलं, मुळं धुतली. मुळांवर ज्वारीच्या दाण्यांएवढ्या गाठी लगडलेल्या. एक त्यांनी नखानं फोडली; आतून गुलाबी, म्हणजे कामाला लागलेली.

"उत्तम. पण मागचे पुडे परत का मागवलेत?"

सून पुढे झाली. "माझ्या हातून..."

"तू थांब." मी खुर्ची ओढून बसले. "लिहा. चांगले जिवाणू मालकिणीनं घाण म्हणून टाकायला लावले."

त्यांनी 'तांत्रिक दोष' लिहिलं.

"हे तांत्रिक कोण?" मी विचारलं. "आमच्याकडे त्या नावाचं कुणी कामाला नाही. खोडा ते. माझं लिहा."

त्यांनी खोडलं, लिहिलं. मी एकेक अक्षर लावून वाचलं आणि खाली सही केली.