शेवटच्या बाकावरचा हात

"थांब. पुन्हा पहिल्यापासून."

शेवटच्या बाकावरून बाईंचा उजवा हात वर गेला होता. आज पाचव्यांदा. फळ्यापाशी उभी असलेली नववीतली मुलगी वाक्याच्या मध्येच अडकली आणि ओढणीचं टोक पिळत राहिली.

बाई भाषा शिकवत, निबंध तपासत आणि वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलं तयार करत. तीस वर्षं हेच. त्यांची पद्धत सगळ्या शाळेला ठाऊक होती. मुलाला पुढे उभं करायचं, आपण शेवटच्या बाकावर बसायचं आणि आवाज पोचला नाही की हात वर करायचा. "पहिल्या बाकाला काय, कुणीही ऐकवेल," त्या म्हणत.

मुलीने भाषण लिहिलं होतं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या आपल्या वडिलांवर. पहिल्या खर्ड्यात 'थोर', 'कष्टमूर्ती' अशी भरपूर खोगीरभरती होती. बाईंनी ती लाल पेनाने छाटली, तेव्हा खाली एक साधं वाक्य सापडलं : 'दुरुस्ती झाली की बाबा आधी स्वतः लिफ्टमध्ये बसतात, मगच दुसऱ्यांना बसू देतात.' ते वाचून बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं. अशा वाक्याचा एक शब्दही वाया जायला नको, म्हणून तर हात सारखा वर जात होता.

सहाव्यांदा गेला तेव्हा मुलगी सरळ बाकापाशी आली.

"बाई, माझं नाव काढा. उद्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. माझा आवाजच नाही तेवढा."

दप्तर उचलून ती निघूनही गेली. तेवढ्यात शेजारच्या वर्गातून चित्रकलेचे सर डोकावले.

"अहो बाई, रडवलंत की पोरीला! बेंबीच्या देठापासून ओरडत होती बिचारी. भिंतीपलीकडे मला पाठ झालं भाषण."

"काय म्हणालात?"

सरांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. मग मात्र त्यांची नजर खाली गेली.

बाईंना घरचं आठवलं. "आई, टीव्ही जरा हळू लावा ना," असं सून दोन वर्षं म्हणत होती, आणि हल्ली सगळेच पुटपुटतात म्हणून बाई तिलाच झापत होत्या. आतून त्यांना कळलं होतं. पण ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांचं ऐकलं, तिने हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

मुलगी सायकलचं कुलूप काढताना सापडली. बाईंना धाप लागली होती.

"तुझा आवाज चांगला आहे गं. माझे कान गेलेत."

मुलीने कुलूप पुन्हा लावलं.

"घरीसुद्धा बोलले नाहीये अजून. तुलाच पहिल्यांदा सांगतेय. उगाच छळलं मी तुला, बाळा."

"मग उद्या..." मुलगी थांबली, जवळ आली आणि बाईंना ओठ दिसतील अशी उभी राहिली. "उद्या तुम्ही पुढे बसाल?"

"छे. मी मागेच. तू मात्र माझ्याकडे बघून बोलायचं."

दुसऱ्या दिवशी सभागृह खचाखच भरलं होतं. बाई शेवटच्या रांगेत, अगदी कडेच्या खुर्चीवर बसल्या. मुलगी मंचावर आली, तिने बाईंना शोधलं आणि तोंड उघडलं. बाईंपर्यंत नुसती गुणगुण पोचली. त्यांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. लिफ्टचं वाक्य आलं, ते त्यांनी ओठांवरून ओळखलं. त्यानंतर क्षणभर थांबायचं असं ठरलं होतं, आणि मुलगी थांबली. पुढच्या रांगेतला एक माणूस चष्मा काढून डोळे पुसू लागला. अभिमानाने बाईंचा ऊर भरून आला, आणि आपण हे ऐकलं नाही याचं दुःखही त्यातच मिसळलं.

भाषण संपलं आणि सगळे टाळ्या वाजवू लागले. बाईंनीही हात उचलले. पण मुलगी अजून त्यांच्याकडेच बघत होती. हात वर दिसला, तर आवाज पोचला नाही असंच तिला वाटलं असतं. बाईंनी झटकन हात पुन्हा मांडीवर ठेवले.