मिठूच्या पायांबाबतचा खुलासा

"पोपटाचे पाय वयोमानामुळे सुजले आहेत. त्यात कोणाचा दोष नाही, आणि करण्यासारखेही काही नाही."

अच्युतराव तळपद्यांनी हा निर्णय जेवणाच्या पाटावरून जाहीर केला आणि आमटीची वाटी पुढे सरकवली. एका सरकारी कचेरीत त्यांचा सारा जन्म खुलासे लिहिण्यात गेला होता. त्या खुलाशांत धान्य सडे, पूल खचत, माणसे गोळ्यांना बळी पडत. मात्र यांपैकी काहीही कोणी केलेले नसे. बोलतानाही त्यांची तीच भाषा झाली होती, आणि घरात तिला आव्हान देणारे आता कोणी उरले नव्हते.

पुरावा मात्र खुलाशाच्या विरुद्ध जात होता. मिठू अवघा सहा-सात वर्षांचा. पोपटाची जात सांभाळणाऱ्याला पुरून उरते. शिवाय वार्धक्य पिसांना शिवते, डोळ्यांना शिवते. सारे अंग सोडून तेवढे तळपाय गाठणारे म्हातारपण कोणत्याही शास्त्राला ठाऊक नाही. मिठूची पिसे तर केळीच्या कोवळ्या पानासारखी होती. तो एक पाय पोटाशी घेऊन दुसऱ्यावर उभा राही, मग दुसरा उचलून पहिल्यावर. दोन्ही असह्य झाले की चोचीने पिंजऱ्याची तार धरून लोंबकळे. आणि तो बोलेनासा झाला होता.

पायांचे दुःख मिठूचे होते. न बोलण्याचे अच्युतरावांच्या पत्नीचे, यशोदाबाईंचे.

मिठूला त्यांच्या मुलाने, गुरुदत्तने, आणले होते. अच्युतराव दिवेलागणीलाच दाराला कडी घालत. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा आटोपून गुरुदत्त उशिरा येई आणि जिन्यावरूनच सूर लावी, "अण्णाऽ, दार उघडा!" अण्णा शिस्तीपोटी मुद्दाम जरा वेळ लावून उघडत. ती हाक मिठूने जशीच्या तशी उचलली, शेवटच्या हेलकाव्यासकट.

मुंबई महाराष्ट्रापासून तोडल्याचे जाहीर झाले त्या जानेवारीत गिरगावात गोळ्या चालल्या, आणि गुरुदत्त चाळीच्या तोंडाशीच पडलेला सापडला. यशोदाबाई तेव्हा देवळात अडकल्या होत्या. अच्युतराव घरी होते. डोळा लागला होता, काहीच ऐकू आले नाही, असा त्यांचा खुलासा होता.

त्यानंतरही दिवेलागणीला हाक येत राहिली. यशोदाबाई हातातले काम टाकून ऐकत. अच्युतराव उठून गॅलरीत जात. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी ते एकदा म्हणाले, "पिंजऱ्यातल्या फांदीला मुंग्या लागतायत. पितळेची दांडी घाल, स्वच्छ राहील." यशोदाबाईंनी गुरुदत्तच्या मच्छरदाणीची दांडी काढली, मापाने कापून आणली, आणि देवाच्या उपकरण्यांबरोबर तीही रोज चिंचेने घासू लागल्या. त्याच्या वस्तूवर त्याचा पक्षी बसतो, याचे त्यांना समाधान होते. दिवाळीपर्यंत मिठू मुका झाला.

'करण्यासारखे काही नाही' हा नवऱ्याचा शब्द यशोदाबाईंनी आयुष्यात प्रथमच मानला नाही. अच्युतराव कचेरीला गेल्यावर त्या पिंजरा घेऊन परळच्या ट्राममध्ये चढल्या.

"काकी, ह्याचं तिकीट अर्धं फाडू की पुरं?" कंडक्टरने विचारले.

"बोलायला लागला ना, तर पुरं घे बाबा."

"बोलत नाय? म्हंजे सरकारी नोकर दिसतोय."

यशोदाबाईंना हसू आले, आणि हसू आले याची लाज वाटली.

परळच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी मिठूला फडक्यात गुंडाळून उताणा धरला. "हे पाहा. तळव्यावरची खवल्यांची नक्षी पार पुसली गेलीय. कातडी काचेसारखी झालीय, आणि मधे ही काळी खपली. बसतो कशावर?"

"पितळेच्या दांडीवर. रोज घासते हो मी. अगदी लखलखीत."

"तेच तर. सगळीकडे सारखी जाडी, वर गुळगुळीत. दिवसरात्र भार एकाच जागी पडतो. झाडाला दोन फांद्या सारख्या नसतात, बाई. म्हणून रानातल्या पोपटाला हे होत नाही."

त्यांनी उपाय सांगितला: सालीसकट पेरूची वेडीवाकडी फांदी, कुठे जाड कुठे बारीक; निम्म्या भागावर मऊ सुती पट्टी; कोमट बोरिकच्या पाण्यात पाय शेकायचे, मलम अगदी पुसट; शेंगदाणे बंद, पालेभाजी चालू. यशोदाबाईंच्या कानी त्यातले अर्धेच पडले.

"म्हणजे... मीच केलं का हे?"

"मुद्दाम थोडंच केलंत?" डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या कुत्र्याकडे वळले.

फांदी आणली ती चाळीच्या पायरीशी भाजी विकणाऱ्या जाईबाईने, करी रोडच्या आपल्या चाळीमागच्या झाडाची. वर येऊन तिने पिंजऱ्यात डोकावले आणि पाटावर वर्तमानपत्र वाचणाऱ्या अच्युतरावांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "वयनी, पाखराक पितळ कित्याक? त्येका झाड व्हया. ह्या कोणाच्या डोक्यातून इला?"

"माझ्याच," यशोदाबाई म्हणाल्या. वर्तमानपत्राचे पान उलटले गेले नाही.

मिठूला धरायला दुसरा माणूस हवा होता, आणि घरात दुसरा माणूस एकच होता. "अहो, जरा धरा ना." अच्युतराव पंचा घेऊन बसत. वाटीत कोमट पाणी. त्यात यशोदाबाई एकेक बोट सोडवून तळवा बुडवत, खपलीला नख न लावता ती आपोआप मऊ होऊ देत. पंच्याच्या आत ते एवढेसे काळीज धडधडत असे, आणि अच्युतराव भिंतीकडे पाहत. एकदा मिठूने त्यांचा अंगठा रक्त येईस्तोवर चावला. त्यांनी हात काढून घेतला नाही. यशोदाबाईंना त्याचे नवल वाटले. पण कारण विचारण्याची त्या घरात पद्धत नव्हती.

पाय सुधारू लागले तशा यशोदाबाई खंगू लागल्या. त्यांनी उपकरणी घासणेच सोडून दिले. देव्हाऱ्यातले निरांजन काळवंडले, पळीपंचपात्रीवर हिरवट डाग चढले. ज्या घरात पितळेत तोंड दिसे तिथे देव अंधारात बसले. कोणी विचारले, तर त्या चिंचेने चिरलेली आपली बोटे पुढे करून सांगत, "ह्या हातांनी केलं मी त्याला मुकं."

अच्युतरावांनी यावरही खुलासा काढला. "तुला माहीत नव्हतं. अशा गोष्टी होत असतात. यात दोष कोणाचाच नाही." तो ऐकून यशोदाबाईंनी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशीही निरांजन काळेच राहिले. साऱ्या हयातीत त्यांचा एकही खुलासा वरिष्ठांनी परत पाठवला नव्हता. हा परत आला.

खपली गळून पडली. तळव्यावर नवी, गुलाबी कातडी धरली. तिच्यावर खवल्यांच्या बारीक रेघा उमटू लागल्या. मिठू दोन्ही पायांवर उभा राहून पेरूची साल सोलू लागला. पिंजऱ्याखाली तिचा चुरा पडे, तो यशोदाबाई झाडत नसत.

एका संध्याकाळी, पाय शेकून झाल्यावर, पंचा अजून अच्युतरावांच्या मांडीवर असताना, मिठू फांदीच्या जाड टोकाशी सरकला, मान वाकडी केली आणि म्हणाला,

"अण्णाऽ, दार उघडा!"

तोच सूर, शेवटी तोच हेलकावा. यशोदाबाई उठल्या, दाराशी गेल्या आणि काय करतो आहोत हे कळायच्या आत त्यांनी कडी काढली. बाहेर जिना होता. खालच्या मजल्यावर कोणी तरी तांदूळ निवडत होते. सुपाचा आवाज येत होता. त्या उघड्या दाराला धरून तशाच उभ्या राहिल्या.

"एवढे दिवस नुसतं ऐकता तरी आलं असतं," त्या म्हणाल्या. "त्याचा आवाज मी रोज घासून घासून पुसून टाकला हो. आई असून."

मिठूने पुन्हा हाक मारली. अच्युतराव या वेळी गॅलरीत गेले नाहीत. त्यांनी पंच्याची नीट घडी केली, ती पुन्हा मोडली, आणि ज्यात करणारा माणूस होता असे पहिले निवेदन केले. ते असे:

"मुंग्या नव्हत्या. आमच्या काकांची मैना लोखंडी दांडीवर पाय दुखून गप्प झाली होती, ते मी लहानपणी बघितलं होतं. म्हणून तुला दांडी घालायला सांगितली. मला ती हाक बंद हवी होती. त्या संध्याकाळी मी झोपलो नव्हतो गं. तो वर आला होता. दोनदा म्हणाला, मग हळू आवाजात आणखी एकदा. खाली जिन्यात पोलिसांचे बूट वाजत होते. मला नोकरी दिसली. माझा हात कडीवर होता, आणि मी कडी काढली नाही."