सतराव्या चौकटीतले नऊ इंच

अमूल्यानं सत्तावीस चौकटी काढल्या आणि नेमकी सतरावी चुकली. चित्र तर असं सुरेख, की तिच्या वडिलांनी, मोहनरावांनी, देवराज मोहल्ल्यातल्या आपल्या शिंप्याच्या दुकानात शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

हिनकलच्या कंपनीत अमूल्याचं कामच हे. ऑनलाइन कोर्स बनण्याआधी कुठल्या पडद्यावर काय दिसणार, काय ऐकू येणार, ते चौकटी-चौकटींत मांडायचं. याला स्टोरीबोर्ड म्हणतात. या खेपेला एका संस्थेकडून विषय आला ब्लाउज कापण्याचा, सरगूरकडच्या खेड्यांतल्या बायकांसाठी. मग बाहेरचा तज्ज्ञ कशाला? घरात चाळीस वर्षं ब्लाउज शिवणारा शिंपी बसलेला!

पण अप्पांकडून आकडा काढताना नाकी नऊ आले. ते कापड पसरणार, खडूनं रेघ मारणार, कात्री चालवणार, संपलं. "अप्पा, छत्तीस छातीला इथं किती?" असं दहादा विचारल्यावर वैतागून म्हणाले, "अय्यो, छातीचा चौथा हिस्सा, नऊ इंच! लिही. सुम्ने, उगाच डोकं खाऊ नको." तिनं सतराव्या चौकटीत लिहिलं. नऊ इंचांवर रेघ, रेघेवर कात्री. तज्ज्ञ म्हणून प्रत्येक चौकटीखाली अप्पांची सही हवी होती. त्यांनी बसल्या बैठकीला सत्तावीस ठोकल्या. "माझ्या पोरीनं काढलंय, त्यात काय तपासायचं!"

कोर्स सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी फोनवर त्या चौकटींवरून बनलेलं हलतं चित्र बघताना अप्पांनी ते मध्येच थांबवलं.

"शिलाईचं कापड कुठाय गं?"

"म्हणजे?"

"रेघेबाहेर दोन बोटं सोडून कापायचं असतं. नाहीतर शिवणार कशात?"

"तुम्ही सांगितलंच नाही, अप्पा!"

"त्यात सांगायचं काय? हात सोडतोच की."

हात सोडत होता, खरंच. आणि ही शहाणी रेघेचं चित्र काढत बसलेली, कात्री कुठून जाते ते बघितलंच नाही! अमूल्याला स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

तिचा मॅनेजर विजयेंद्र, माणूस वाईट नव्हे. ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. "सह्या झाल्यात. स्टोरीबोर्डला कुलूप लागलं. कोर्स संस्थेकडे गेला, आता बदल पुढच्या महिन्यात."

"एक ओळ तरी टाका! बायका घरचं कापड कापणार आहेत."

"त्या ओळीलाही मंजुरी लागते गं." संस्थेला तिनं तीन मेल केल्या, एकीचंही उत्तर नाही. बायकांचे नंबर तिच्याकडे नव्हते. काही म्हणजे काहीच करता येईना.

पाचव्या दिवशी अमूल्या दुकानात असताना तिथला फोन वाजला. सरगूरच्या गिरिजाबाई. कोर्समध्ये मास्तरांच्या फोटोमागं दुकानाची पाटी दिसली, तिच्यावरून नंबर घेतला म्हणे. लेकीच्या साखरपुड्याचं ब्लाउजपीस होतं. शिवलं, तर अंगात शिरत नाही.

"कोर्सच्या परीक्षेत शंभरपैकी शंभर मिळाले हो मास्तर," बाई कन्नडमध्ये सांगत होत्या. "अगदी रेघेवरच कापलं. माझं कुठं चुकलं?"

"तुमचं नाही चुकलं, अम्मा," मोहनराव कसेबसे म्हणाले. "कापड काही उरलंय का?"

"सगळं कापून झालं. आमच्या गटातल्या चौदाजणींचंही झालं. सगळ्यांना शंभर मिळाले. त्यांना काय सांगू?"

अप्पांनी फोन अमूल्यापुढं धरला. तिनं तो घेतला, कानाला लावला. पलीकडून बाई हॅलो, हॅलो करत राहिल्या.